पहिल्या बेसवर कोणी नव्हतं

घरचं मैदान. घरचे जवळपास 50 हजार लोक. 5-0 अशी आघाडी. संघातला सर्वांत महागडा पिचर चेंडू हातात घेऊन उभा. त्याने चार इनिंगमध्ये समोरच्यांना एकही हिट दिलेली नाही. आणि पुढच्या एकाच इनिंगनंतर फलक म्हणतो 5-5. याला जे दुर्दैव म्हणतात, त्यांच्याशी मला भांडायचं आहे.

30 ऑक्टोबर 2024 ची ती रात्र. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधलं यांकी स्टेडियम. वर्ल्ड सीरिजचा पाचवा सामना, न्यूयॉर्क यांकीज विरुद्ध लॉस एंजेलिस डॉजर्स. आपल्याकडे तेव्हा 31 तारखेची, नरकचतुर्दशीची पहाट होती. घराघरांत उटणं लावून अभ्यंगस्नानं चालली होती, तेव्हा तिकडे पहिला चेंडू पडला. इकडे फराळाची ताटं मांडेपर्यंत तिकडे यांकीजचं सगळं उधळून झालं होतं.

आधीचं थोडक्यात सांगतो. डॉजर्सनी पहिले तीन सामने घेतले होते. चौथा यांकीजनी घरी 11-4 असा झोडपून काढला. सातपैकी चार जिंकायचे असतात, म्हणजे यांकीजना आता एकही हरून चालणार नव्हतं. या संघाच्या नावावर 27 विजेतेपदं आहेत, पण सत्ताविसावं 2009 चं. त्यानंतर 15 वर्षांत अंतिम मालिकेपर्यंत पोचायलाही ही पहिलीच वेळ. ब्रॉन्क्समधले लोक उपाशी होते हो, नुसते उपाशी.

आणि सुरुवात कशी झाली! पहिल्याच इनिंगमध्ये ॲरन जजचा दोन धावांचा होम रन. आख्ख्या मालिकेत ज्याची बॅट मुकी होती, तो बोलला. त्याच्या पाठोपाठ जॅझ चिझमचा होम रन. दुसऱ्या इनिंगमध्ये आणखी एक धाव, तिसऱ्यात जियानकार्लो स्टँटनचा होम रन. पाच-शून्य. चौथ्या इनिंगमध्ये फ्रेडी फ्रीमनचा चेंडू भिंतीपाशी उडी मारून जजने पकडला, तेव्हा स्टेडियममधल्या कुणालाही वाटलं असतं की आज काही हरत नाही.

मग पाचवी इनिंग.

ही इनिंग नीट, एकेक पाऊल टाकत बघायला हवी. ‘यांकीज ढेपाळले’ असं एका वाक्यात उरकून टाकलं की खरी गोष्ट हातातून निसटते.

किके हर्नांडेझने हिट मारली. डॉजर्सची त्या रात्रीची पहिली. ठीक आहे. पुढचा टॉमी एडमन. त्याने मारलेला चेंडू सरळ मध्यभागी जजकडे गेला. सोपा झेल. जज पुढे आला, चेंडू हातमोज्यावर आपटला आणि खाली पडला. चुकलाच. पुढचा विल स्मिथ. जमिनीवरून गेलेला चेंडू शॉर्टस्टॉप अँथनी व्होल्पेने उचलला आणि तिसऱ्या बेसवर धावणाऱ्याला बाद करायला फेकला. फेक आखूड पडली, चेंडू टप्पा खाऊन गेला, चिझमला तो आवरला नाही. दुसरी चूक. तिन्ही बेस भरलेले आणि बाद एकही नाही.

उभा होता गेरिट कोल. 2019 च्या डिसेंबरमध्ये यांकीजनी त्याच्याशी नऊ वर्षांसाठी 32 कोटी 40 लाख डॉलरचा करार केला, तो अशाच क्षणासाठी. आणि कोलने काय केलं? गॅव्हिन लक्सला स्ट्राइकआउट केलं. मग शोहेई ओतानीला स्ट्राइकआउट केलं. ओतानीला, ज्याने त्याच वर्षी 54 होम रन मारले होते! सहकाऱ्यांनी दोनदा वाटेत काटे पेरले आणि या माणसाने ते एकट्याने वेचून काढले. त्याचं कौतुक करताना मी हात आखडता घेणार नाही. दडपणाखाली त्याने टाकलेले ते चेंडू ज्यांनी पाहिले, ते विसरणार नाहीत.

दोन बाद. आता एकच हवा होता.

मूकी बेट्स आला. त्याने बॅट फिरवली आणि चेंडू धड लागलाच नाही. हळू, फिरकी घेतलेला, जमिनीवरून घरंगळत पहिल्या बेसकडे निघालेला चेंडू. पहिल्या बेसचा रक्षक अँथनी रिझो. चेंडू अंगावर विचित्र फिरतोय हे बघून तो थांबला आणि बेसपासून दूर, मागे राहून त्याने तो नीट धरला. बरोबर केलं. असा चेंडू पुढे झेपावून धरायला गेला तर निसटतो.

अशा वेळी पहिल्या बेसवर धावत जायचं काम पिचरचं असतं. पर्यायी नाही, सवडीने नाही. चेंडू उजवीकडे गेला की पिचरने टेकडीवरून सुटायचं. जेमतेम साठ-पासष्ट फूट अंतर. बेसच्या थोडं अलीकडे रेषेपाशी पोचायचं, मग रेषेला समांतर वळायचं, धावता धावता चेंडू घ्यायचा आणि पांढऱ्या गादीच्या आतल्या कडेवर पाय टेकवायचा. आतल्याच कडेवर, नाहीतर बॅटरशी टक्कर होते. क्रिकेटमध्ये फलंदाजाने चेंडू ढकलून चोरटी धाव घेतली की गोलंदाज स्टंपांमागे येऊन उभा राहतो ना, तसंच. गल्लीतल्या पोरालाही हे सांगावं लागत नाही.

कोल दोन-चार पावलं गेला आणि थांबला. रिझोकडे बोट दाखवलं. तूच जा.

रिझो जाणार कुठून? तो बेसपासून लांब, आणि बेट्स जिवाच्या आकांताने धावतोय. चेंडू हातात आहे आणि द्यायला माणूस नाही. बेट्स पोचला, तिसऱ्या बेसवरचा हर्नांडेझ घरी आला. 5-1.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. फ्रीमनने मध्यभागी हिट मारली, दोन धावा. टेऑस्कर हर्नांडेझने डावीकडच्या मध्यभागी भिंतीपर्यंत चेंडू मारला, आणखी दोन. 5-5. त्यातली शेवटची धाव पहिल्या बेसवरून घरापर्यंत धावून कोणी काढली? फ्रीमनने. सप्टेंबरच्या अखेरीस त्याचा घोटा मुरगळला होता आणि सगळी मालिका तो त्या घोट्यावर खेळत होता. एक माणूस दुखऱ्या पायाने 270 फूट धावला, आणि दुसरा धडधाकट पायाने साठ-पासष्ट फूट धावला नाही. माझ्या मते हा सामना इथेच संपला.

आता माझं भांडण.

दुसऱ्या दिवसापासून जजचं हसं सुरू झालं. ते सुटलेल्या झेलाचं छायाचित्र, तो पडलेला चेंडू, तीच दृश्यं पुन्हा पुन्हा. मला हे अन्यायाचं वाटतं आणि ते मी मोठ्याने सांगणार. जज तिथे होता. जिथे असायला हवं, बरोबर तिथे. त्याचा हात चुकला. हात चुकतात. मोठमोठ्यांचे चुकले आहेत, पुढेही चुकतील. व्होल्पेचंही तेच. पुढच्या धावणाऱ्याला टिपायचा त्याचा निर्णय धाडसी होता, फेक वाईट पडली. तो तिथे होता, त्याने काहीतरी केलं, ते फसलं. या दोघांना मी माफ करतो. कोल मात्र तिथे नव्हताच.

आणि आता बघा नोंदवहीत काय लिहिलं गेलं. जजच्या नावापुढे चूक. व्होल्पेच्या नावापुढे चूक. कोलच्या नावापुढे? काही नाही. बेट्सच्या नावापुढे हिट! जो चेंडू बॅटला धड लागलाही नाही, त्याची हिट. एवढंच नाही, बेसबॉलच्या हिशेबात सहकाऱ्याच्या चुकीमुळे इनिंग लांबली तर त्यापुढच्या धावा पिचरच्या माथी मारत नाहीत. जज आणि व्होल्पे यांच्या चुका झाल्या नसत्या तर लक्सपाशीच तीन बाद होऊन इनिंग संपली असती, म्हणून पाचही धावा कोलच्या खात्यातून वजा. त्या रात्री कोल सहा इनिंग आणि दोन बाद एवढं टाकून गेला आणि त्याच्या खात्यावर जबाबदारीच्या धावा किती? शून्य. पन्नास वर्षांनी कुणी फक्त वही उघडली तर त्याला वाटेल, या माणसाने निष्कलंक सामना टाकला आणि बाकीच्यांनी त्याला बुडवलं.

हे चुकून झालेलं नाही. बेसबॉलच्या अधिकृत नियमांतच तसं लिहिलं आहे. नोंदणी अधिकाऱ्याने डोक्याच्या चुका, अंदाजाच्या चुका ‘चूक’ म्हणून नोंदवू नयेत. आणि पुढे उदाहरण म्हणून जे दिलंय ते नेमकं हेच: जमिनीवरून गेलेल्या चेंडूवर पिचर पहिला बेस सांभाळायला गेला नाही आणि बॅटर सुखरूप पोचला, तर चूक लावायची नाही. अक्षरशः हे. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांना ही गोष्ट घडते हे माहीत होतं. ती इतकी नेहमीची होती की उदाहरणासाठी तीच सुचली. आणि त्यांनी ती सोडून द्यायचं ठरवलं.

का ठरवलं असावं हे मला समजतं. नोंद करणारा वर काचेमागे बसलेला असतो. खेळाडूच्या डोक्यात काय चाललं होतं हे त्याने कसं सांगावं? चेंडू हातमोज्याला लागून पडला हे दिसतं, मनात आलेला संकोच दिसत नाही. पण इथे मनात शिरायची गरजच काय? बेसवर माणूस होता की नव्हता, एवढंच बघायचं. कोल थांबला हे त्या स्टेडियममधल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसलं. दिसलेली गोष्ट लिहायला हरकत कसली?

कोलने स्वतः लपवालपवी केली नाही, हे नोंदवतो. सामन्यानंतर तो पत्रकारांसमोर उभा राहिला आणि आपण चेंडूकडे चुकीच्या रोखाने गेलो, तो किती जोरात येतोय याचा अंदाज आला नाही, त्यामुळे बेसवर पोचायच्या स्थितीतच उरलो नाही, अशा अर्थाचं बोलला. माणूस म्हणून ते मोठेपणाचं आहे. पण मला खटकतं ते असं की त्याला हे तोंडाने सांगावं लागलं. वहीने ते आधीच पुसून टाकलं होतं.

फेब्रुवारीत यांकीज फ्लोरिडातल्या टॅम्पाला सरावाला जमतात. तिथेच काय, तीसच्या तीस संघांच्या शिबिरात पहिल्या काही दिवसांतला ठरलेला धडा हाच असतो: पिचरांची रांग लावायची, प्रशिक्षकाने उजवीकडे चेंडू मारायचा, प्रत्येकाने धावत जाऊन बेस सांभाळायचा. कंटाळवाणा धडा. कोट्यवधी डॉलर कमावणारा आणि काल संघात आलेला पोरगा, दोघंही त्याच रांगेत. न्यू जर्सीत एडिसनसारख्या गावांत आता मराठी घरंही पुष्कळ आहेत, आणि तिकडची दहा वर्षांची पोरं लिटल लीगमध्ये हेच शिकतात. चेंडू उजवीकडे गेला की प्रशिक्षक मैदानाच्या कडेने ओरडतो, ‘कव्हर! कव्हर!’ ज्या पोराला अजून चेंडू नीट फेकता येत नाही, त्यालाही बेसकडे धावता येतं. धावायला प्रतिभा लागत नाही.

म्हणून मला राग येतो. प्रतिभा कमी पडली म्हणून हरलेला संघ बघवतो. घरी बसून आपण म्हणतो, समोरचे भारी होते. पण ज्याला प्रतिभा लागतच नाही तेवढंच काम राहिलं आणि त्यापायी गेलं, हे गिळवत नाही. तिकीट काढून आलेल्या, मुलांना खांद्यावर घेऊन आलेल्या लोकांसमोर तर अजिबात नाही.

डॉजर्सचं श्रेय मात्र कुणी कापू नये. यांकीजनी दार उघडं टाकलं हे खरं, पण आत शिरायचं काम डॉजर्सनी केलं. बेट्सला माहीत होतं की आपण चेंडू वाईट मारलाय. अशा वेळी शंभरातले नव्वद जण मान खाली घालून अर्ध्या वेगाने धावतात, कारण पुढे काय होणार हे ठरलेलं असतं. बेट्स पहिल्या पावलापासून पूर्ण जोराने धावला. कोलने ठरलेलं काम गृहीत धरलं, बेट्सने काहीच गृहीत धरलं नाही. आणि नंतर फ्रीमन, टेऑस्कर यांच्या हिट्स कुणाच्या चुकीने आलेल्या नाहीत, त्या मारलेल्या आहेत. फ्रीमनने त्या मालिकेत 12 धावा घडवल्या आणि मालिकेचा मानकरी तोच ठरला. योग्यच.

उरलेला सामना? यांकीजनी सहाव्यात स्टँटनच्या उंच फटक्यावर एक धाव काढून 6-5 केलं. आठव्यात टॉमी केनलीने तिन्ही बेस भरून दिले, ल्यूक वीव्हरवर दोन उंच फटक्यांवर दोन धावा गेल्या, 6-7. त्याच्या मधेच कॅचर ऑस्टिन वेल्सचा हातमोजा ओतानीच्या बॅटला लागला आणि ओतानीला फुकटचा बेस मिळाला. आठव्याच्या उत्तरार्धात जजने डबल मारला, पाठोपाठ चिझम चालत बेसवर गेला, दोन माणसं बेसवर होती आणि स्टँटन, रिझो दोघेही बाद झाले. नवव्यात डॉजर्सनी वॉकर ब्यूलरला आणलं, ज्याने दोनच दिवसांपूर्वी तिसरा सामना सुरू केला होता. त्याने तिघांना बाद केलं. विजेतेपद ठरवणाऱ्या सामन्यात पाच धावांची पिछाडी भरून काढणारा डॉजर्स हा वर्ल्ड सीरिजच्या इतिहासातला पहिला संघ. हा विक्रम यांकीजच्या घरात, यांकीजच्या हातून झाला.

व्यवस्थापक ॲरन बूनने कोलला सातव्यातून का काढलं, केनलीला का आणलं, यावर न्यूयॉर्कमध्ये वर्षभर वाद घातले गेले. घालू देत. मला त्यात रस नाही. त्या वेळी सामना बरोबरीच्या आसपास होता आणि बरोबरीत कुणीही हरू शकतं. प्रश्न पाच धावांची आघाडी घालवल्याचा आहे.

कुणी म्हणेल, डोक्याच्या चुका लिहायला लागलात तर अंत नाही. खरं आहे, आणि याचं चांगलं उदाहरण पुढच्याच वर्षी घडलं. 1 नोव्हेंबर 2025, टोरंटो. वर्ल्ड सीरिजचा सातवा सामना, पुन्हा तेच डॉजर्स, पुन्हा घरचा संघ हरला. नवव्याच्या उत्तरार्धात 4-4, तिन्ही बेसवर टोरंटोचे खेळाडू, एकच बाद. तिसऱ्या बेसवर आयझाया काइनर-फलेफा. जमिनीवरून चेंडू गेला, मिगेल रोहास धडपडला, कसाबसा घराकडे फेकला आणि काइनर-फलेफा काही इंचांनी बाद झाला. तो बेसपासून आधी दोन पावलं जास्त पुढे असता तर विजेतेपद तिथेच होतं. लोकांनी त्याला फाडून खाल्लं. पण तो बेसजवळ राहिला ते सूचना होती म्हणून. सरळ रेषेत झेल गेला तर परत फिरताना बाद होऊ नये म्हणून आखलेली सावधगिरी. ती चुकीची ठरली असेल, पण ती कामचुकारी नव्हती. तेव्हा त्याच्यापुढे मी काहीही लिहिणार नाही. वहीत फक्त तेवढंच यावं जिथे काम ठरलेलं होतं, ज्याचं होतं त्याला ते माहीत होतं आणि तो तिथे पोचला नाही. अशा जागा फार नाहीत. पहिला बेस सांभाळणारा पिचर. लांबून येणाऱ्या फेकीमागे आधाराला उभा राहणारा खेळाडू. पडलेल्या तिसऱ्या स्ट्राइकवर धावायचं विसरणारा बॅटर. एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

बेसबॉल हा नोंदींचा खेळ. दीडशे वर्षांपूर्वीचे सामने चेंडूगणिक नाही तरी इनिंगगणिक आजही वाचता येतात. आता तर प्रत्येक धावणाऱ्याचा वेग, प्रत्येक चेंडूची फिरकी, क्षेत्ररक्षकाने पहिलं पाऊल कधी उचललं हेसुद्धा कॅमेरे मोजतात. कोल कितव्या पावलावर थांबला हे लीगच्या संगणकात नक्की आहे. मग सर्वांनी वाचायच्या वहीत ते नसावं, असा आग्रह का? संगणकाला माहीत आहे, समालोचकाला माहीत आहे, वरच्या रांगेतल्या लहान पोराला माहीत आहे, कोलला स्वतःला माहीत आहे.

तेव्हा लीगच्या नियम समितीला माझं जाहीर सांगणं. चूक म्हणायचं नसेल तर नका म्हणू. पिचरच्या खात्यावर धावा मांडायच्या नसतील तर नका मांडू. पण एक रकाना वाढवा. जो माणूस ठरलेल्या जागी पोचला नाही, त्याचं नाव त्यात जाऊ द्या, आणि 30 ऑक्टोबर 2024 च्या पाचव्या इनिंगपासून तो मागे जाऊन भरा. जजचं आणि व्होल्पेचं नाव त्या रात्रीच्या चुकांत आहे, ते राहू दे. त्यांच्या शेजारी तिसरं नाव हवं.